रविवारचं शुभवर्तमान आणि सोमवारचा हप्ता

सलाम.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पाळकसाहेबांनी दर गुरुवारच्या घरसभेची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे. येत्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूबद्दलचा उतारा, तुम्ही वाचता, दहा-पंधरा मिनिटं समजावून सांगता, सगळे माना डोलावतात. प्रार्थना होते, चहा येतो, आणि चहाबरोबर खऱ्या गप्पा सुरू होतात. विडी कारखान्यात या आठवड्यात छाट (नापास विड्या) किती काढली, नळाला पाणी कधी, सोमवारी हप्त्याचं कसं करायचं. वाचन एकीकडे राहतं आणि आयुष्य एकीकडे. ते जोडायचं कसं, हा तुमचा प्रश्न.

तुम्हाला वाटतंय की अडचण शेवटी आहे, म्हणजे 'यातून आपण काय शिकतो' हे नीट सांगता येत नाही. मला वाटतं अडचण सुरुवातीलाच आहे. उतारा वाचल्या वाचल्या तुम्ही त्यातून एक तत्त्व काढता: क्षमा, प्रीती, विश्वास. मग ते तत्त्व घेऊन लोकांच्या घरात त्याला जागा शोधत फिरता. पण तत्त्व काढताना उताऱ्यातला पैसा, वेळ, पाणी, कर्ज, थकवा हे सगळं गळून पडलेलं असतं, आणि समोर बसलेल्यांचा आठवडा नेमका त्याच गोष्टींनी भरलेला असतो. जोडायला जे उपयोगी पडलं असतं, तेच आपण आधी बाजूला टाकतो. म्हणून माझं पहिलं सांगणं: तत्त्व काढायची घाई करू नका, उताऱ्यातला व्यवहार धरून ठेवा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमची मंडळी ठरलेला वाचनक्रम पाळते का? कॅथलिक चर्चमध्ये १९६९ पासून तीन वर्षांचं चक्र आहे: चार शुभवर्तमानांपैकी एका वर्षी मत्तय, मग मार्क, मग लूक, आणि योहान मुख्यतः उपवासकाळात आणि पुनरुत्थानाच्या दिवसांत. बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या १९९२ चा सामायिक वाचनक्रम वापरतात, तो याच चक्रावर बेतलेला आहे. २०२६ हे मत्तयाचं वर्ष. तुमच्याकडची वर्षाची यादी पाळकांकडून मागून घ्या, कारण चर्चनुसार थोडाफार फरक असतो. वाचन ठरलेलं असण्याचा मोठा फायदा म्हणजे उतारा तुम्ही निवडलेला नसतो. 'आज माझ्यावरच रोख आहे' असं कोणाला म्हणता येत नाही. पाळक दर आठवड्याला स्वतः उतारा निवडत असतील, तर मात्र तुम्हाला बोलताना दुप्पट जपावं लागेल.

दुसरं म्हणजे समोर कोण बसतं. माझ्या सभेत विडी वळणाऱ्या बाया आहेत, यंत्रमागावरचे कामगार आहेत, दोन शिक्षिका, एक रिक्षावाले आणि स्वतःचे थोडेफार लूम असलेले एक गृहस्थ. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी कन्नड, चर्चमध्ये मराठी. सोलापूरच आहे हे. तुमच्याकडे सगळे नोकरदार असतील तर माझी उदाहरणं तशीच्या तशी चालणार नाहीत, रीत चालेल.

रीत सांगते. माझ्याकडे चहा आधी होतो. लोक कामावरून थेट येतात, चहा घेता घेता आठवडा बोलून मोकळा करतात, आणि मी गप्प बसून ऐकते. वाचन त्यानंतर. बेल्जियमचे एक धर्मगुरू होते, जोसेफ कार्डाइन (१८८२–१९६७). कारखान्यात राबणाऱ्या तरुण मुलामुलींबरोबर त्यांनी आयुष्य काढलं. त्यांची पद्धत तीन शब्दांत सांगता येते: पाहा, पारखा, करा. आधी आपली परिस्थिती पाहायची, मग ती शुभवर्तमानाच्या उजेडात पारखायची, मग एखादी छोटी कृती ठरवायची. १९६१ साली पोप तेविसावे योहान यांनीही आपल्या परिपत्रकात तिची शिफारस केली. आपण बहुतेक वेळा 'पाहा' गाळून थेट 'पारखा'वर उडी मारतो. ज्या गावात निम्म्या घरांतले आजोबा मिलमध्ये होते, तिथं ही पद्धत फार समजावून सांगावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष उतारे घेऊ, नाहीतर हेसुद्धा तत्त्वच होईल.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, मत्तय २०. २०२६ मध्ये तो २० सप्टेंबरला येतो. मालक पहाटे चौकात जाऊन मजूर ठरवतो, दिवसाचा एक दीनार. मग तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या आणि शेवटी अकराव्या तासाला पुन्हा जातो. आपल्या घड्याळाने नऊ, बारा, तीन आणि पाच. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दीनार. 'देवाची कृपा सर्वांना सारखी' असं म्हणून इथं थांबता येतं. ते बरोबरही आहे. पण सभा तिथंच संपते.

मी ते घड्याळच उलगडते. आपल्याकडे सकाळी कुठल्या चौकात गवंडी, बिगारी, रंगारी डबा घेऊन उभे असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. मी विचारते, नऊ वाजता तिथं कोण उरलेलं असतं? बारा वाजता? आणि पाच वाजेपर्यंत जो उभाच आहे, तो कोण? उत्तरं लोकच देतात. म्हातारा. पाय अधू असलेला. कालच गावाकडून आलेला, ज्याला कोणी ओळखत नाही. ज्याच्या तोंडाला वास येतो तो. एकदा एक बाई म्हणाल्या, "पाच वाजेस्तोवर कुणी नेलं न्हाई, तरीबी तो घरला गेला न्हाई ताई. रिकाम्या हातानं जाऊन सांगणार काय?" यावर मी काही जोडलं नाही. जोडण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मग दुसरा तपशील. या मालकाकडे कारभारी आहे, मजुरी वाटायचं काम त्याच्याकडेच आहे. तरीही माणसं आणायला मालक स्वतः पाचही वेळा चौकात जातो. कारखान्याशी ज्यांचा संबंध फक्त माल तपासून घेणाऱ्या माणसापुरता येतो, त्यांना ही गोष्ट चटकन टोचते. तिसरा तपशील म्हणजे मजुरी त्याच संध्याकाळी मिळाली. तो नियमशास्त्राचा हुकूम होता: मजूर गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो, म्हणून सूर्य मावळण्याआधी दे (जुन्या करारातलं 'अनुवाद' हे पुस्तक, २४:१५). इथं मी एकच प्रश्न विचारते: या आठवड्यात आपल्याकडून कोणाचे पैसे द्यायचे राहिलेत? भांडीवाली, दूधवाला, ब्लाउज शिवून देणारी शेजारीण. आपण स्वतःला नेहमी मजुरांच्याच रांगेत धरतो. या प्रश्नाने काही जण पहिल्यांदाच मालकाच्या जागी उभे राहतात.

या दाखल्यात दोन वाद हमखास निघतात, तयारीत राहा. ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत ते म्हणतात, "बघा, स्वतःच्या पैशाचं काय करायचं तो मालकाचा हक्क, शास्त्रातच आहे." ऐकून घ्या आणि उतारा पुन्हा वाचायला सांगा. या मालकाने कोणालाही ठरल्यापेक्षा एक पैसा कमी दिलेला नाही. त्याचा हक्क जास्त देण्याचा आहे. दुसरीकडे, हजारी विड्यांवर मजुरी मिळणाऱ्या बाया पहाटेच्या मजुरांच्या बाजूने भांडतात: दिवसभर ऊन खाल्लं आम्ही, आणि पैसे सारखे? हा राग विझवायला जाऊ नका. दाखल्यातही तो विझलेला नाही. मालकाचं बोलणं झाल्यावर ते मजूर काय म्हणाले, हे मत्तय सांगतच नाही.

त्याच्या आदल्या रविवारी मत्तय १८ मधला निर्दय चाकर येतो: राजा त्याचं कर्ज माफ करतो, पण तो स्वतः सोबतीच्या चाकराला कर्जासाठी धरतो. तिथं बहुतेक उपदेशक घसरतात. पहिलं कर्ज अफाट आणि दुसरं क्षुल्लक, असं सांगतात. पहिल्याबद्दल वाद नाही. एक टॅलंट म्हणजे साधारण सहा हजार दीनार आणि दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. दहा हजार टॅलंट म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, कोणाच्याच आवाक्यातली नाही. पण दुसरं कर्ज शंभर दीनारांचं आहे, शंभर दिवसांची मजुरी. दिवसाचे पाचशे धरले तर पन्नास हजार रुपये. तुमच्या सभेत पन्नास हजार क्षुल्लक वाटणारं कोण आहे? 'एवढंसं कर्ज माफ करता येत नाही?' असं म्हणालात की ज्यांची तेवढीच रक्कम कुठंतरी अडकली आहे, ती माणसं मनातून उठून जातात.

आपल्याकडे तर गटाचं कर्ज असतं. दहा जणी एकमेकींना जामीन. एकीने हप्ता चुकवला की उरलेल्या नऊ जणींनी तो भरायचा, कारण फायनान्सचा माणूस वसुली घेतल्याशिवाय उठत नाही. अशा बाईला तुम्ही 'सत्तर वेळा सात' क्षमा कर म्हणून सांगणार, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर विशिष्ट शेजारीण आणि विशिष्ट आकडा असतो. म्हणून मी आधी मान्य करून टाकते की माफ करणाऱ्याला ते पैसे परत मिळत नाहीत. दाखल्यातल्या राजानेही तोटा स्वतःच्या अंगावर घेतला. मग एक गोष्ट दाखवते. दोन्ही चाकर जवळपास तेच शब्द बोलतात: धीर धरा, मी फेडीन. पहिल्याच्या तोंडी ते अशक्य आहे. दुसऱ्याच्या तोंडी मात्र ते खरं ठरू शकलं असतं; शंभर दिवसांची मजुरी फिटू शकते. त्याने माफी मागितलीच नव्हती, मुदत मागितली होती, आणि तेवढ्यावर त्याची मानगूट धरली गेली. ही गोष्ट लक्षात आली की सभेतलं बोलणं बदलतं. 'मी तिला माफ करू का?' या डोंगराएवढ्या प्रश्नाऐवजी 'मी तिला दिवाळीपर्यंत मुदत देऊ का?' असा पेलणारा प्रश्न समोर येतो. काही जणी देतात, काही देत नाहीत. निर्णय त्यांचा.

याच उताऱ्याबाबत एक इशारा, आणि तो गंभीरपणे घ्या. क्षमेवर बोलताना समोर मार खाणारी बाई बसलेली असू शकते, आणि तुम्हाला ते माहीत नसेल. 'माफ कर, सोस' असा अर्थ तिने घेतला तर वचनाच्या नावाने आपण तिला त्याच घरात परत ढकलतो. त्याच अध्यायात क्षमेच्या आधीच्या ओळी (१८:१५–१७) वाचून दाखवा. ज्याने अपराध केला त्याला त्याचा दोष दाखव, ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार घे, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. झाकून ठेवा, असं तिथं कुठंही नाही. मी हे त्या गुरुवारी मुद्दाम मोठ्याने सांगते, कोणाकडेही न बघता. नंतर कोणी बोलायला आलं तर तुम्ही तरुण पुरुष आहात, एकटे बसू नका. महिला मंडळातल्या जाणत्या, तोंड मिटून ठेवणाऱ्या बाईला सोबत घ्या, आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तोंडपाठ असू द्या.

पाण्याचा उतारा सोलापुरात वाया घालवू नये असं मला वाटतं. योहान ४, शोमरोनी बाई आणि विहीर: यहुदी ज्यांना दूर ठेवत त्या शोमरोनी लोकांतल्या एका बाईकडे येशू पाणी मागतो. मत्तयाच्या वर्षी उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी येतो, म्हणजे साधारण मार्चमध्ये, जेव्हा दुपारी बाराला रस्त्यावर माणूस दिसत नाही. वेळही तीच आहे, सहावा तास, भर दुपार. लाजेमुळे ती अशा अवेळी आली, असं नेहमी सांगितलं जातं. योहान तसं म्हणत नाही. मी बायांनाच विचारते, तुम्ही भलत्या वेळी पाण्याला कधी जाता? ज्या गावात उजनी धरण भरलेलं असतानाही नळाला दिवसाआड, दोन-तीन दिवसाआड पाणी येत आलंय, तिथं या प्रश्नाला दहा उत्तरं मिळतात: पाहुणे आले, पिंप गळालं, पाण्याच्या वेळी कामावर होते. ती बाई पुन्हा माणसांत येते. तिला आधी पाच नवरे झाले होते, ही मग तिच्याबद्दलची पहिली गोष्ट राहत नाही.

आणि त्याच संवादात ती विचारते की तू यहुदी असून माझ्याकडे पाणी कसं मागतोस? तिच्या भांड्यातलं पाणी त्याने पिणं हेच रीतीबाहेरचं होतं. आपल्यातल्या कित्येकांच्या पणजीला गावचा पाणवठा बंद होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. हा उतारा त्याच सुमाराला येतो. काही मंडळ्यांत हे बोलायला लोक कचरतात, 'आता ते कशाला' म्हणतात. माझं मत वेगळं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा, तरुणांना यातलं बरंचसं माहीतच नसतं. त्यानंतर आजचा प्रश्न आपोआप येतो: आपल्या घरी काम करणारीला आपण कुठल्या कपात चहा देतो?

पेरणाऱ्याच्या दाखल्याबद्दल एवढंच, तो जुलैमध्ये येतो म्हणून 'आता पेरणीचे दिवस' असं उत्साहाने सांगू नका. तूर-उडीद होतो तेव्हा, पण आपली ज्वारी रब्बीची, सप्टेंबर-ऑक्टोबरमधली. मंगळवेढ्याकडचा एखादा शेतकरी बसला असेल तर तो पुढचं काही ऐकणार नाही. त्यालाच विचारा की वाटेवर बी पडतं तेव्हा काय होतं.

आणि काही आठवडे काहीच जुळत नाही. रूपांतराचा उतारा आहे, डोंगरावर येशूचा चेहरा सूर्यासारखा झाला. त्याला ओढूनताणून लाइट बिलाशी जोडू नका. दोनदा वाचा, थोडा वेळ गप्प बसा, एक गीत म्हणा, घरी जा. प्रत्येक उतारा आपल्या उपयोगी पडलाच पाहिजे असा हट्ट धरला तर लोक शुभवर्तमानाला सल्ल्यांची वही समजायला लागतात.

प्रश्न विचारायची पद्धतही बघा. 'यातून आपण काय शिकलो?' या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना संडेस्कूलपासून पाठ आहे, ते म्हणून दाखवतात. त्यापेक्षा 'या गोष्टीत तुम्ही कुठं उभे आहात?', 'कोणाचं वागणं तुम्हाला पटलं नाही?', 'हे आपल्या गल्लीत घडलं असतं तर?' असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला येशूचं नाव आलं तरी दचकू नका. चहाच्या वेळी ऐकलेली कोणाची अडचण मात्र उदाहरण म्हणून कधीही वापरू नका, नाव न घेताही नाही. दहा जणांच्या खोलीत नाव घ्यावं लागत नाही. ऐकलेलं फक्त एवढ्यासाठी वापरायचं की उताऱ्यातल्या कुठल्या तपशिलावर थांबायचं हे तुम्हाला कळावं.

थोडक्यात क्रम धरायचा तर असा: आधी आठवडा ऐका, मग उतारा दोनदा वाचून घ्या, त्यातला पैसा-वेळ-पाणी शोधा, एकच प्रश्न विचारा आणि पुढचे सात दिवस करता येईल एवढीच छोटी गोष्ट ठरवू द्या. पुढच्या गुरुवारी 'केलं का?' म्हणून हजेरी घेऊ नका. ज्याला सांगायचं तो सांगतो. दोन वाचनांपैकी एक तेलुगूत झालं तर फार बरं, मागं गप्प बसणाऱ्या आजी त्या दिवशी बोलतात. पहिलं वाचन शाळेतल्या मुलीला द्या. ती अडखळली की सगळे पुस्तकात बघतात.

एखादे ज्येष्ठ बंधू प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वीस मिनिटं देतील. त्यांना शेवटची प्रार्थना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते तिची तयारी करत बसतात.

आणि शुक्रवारी पाळकसाहेबांना एक फोन करा. सभेत लोक कुठं अडले, कुठला प्रश्न सुटला नाही, एवढंच सांगा, नावं न घेता. रविवारच्या उपदेशात त्यांनी तो प्रश्न घेतला तर लोकांना कळतं की गुरुवारचं बोलणं वर पोहोचतं. नाही घेतला, तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन करा.